यवतेश्वरच्या धारेवर

नांद्रे मागे पडतं आणि खिडकीतून ओल्या उसाचा वास आत येतो. शनिवारची सकाळ आहे. कोयना एक्स्प्रेसच्या डब्यात नेहमीची गर्दी आहे: पुण्याला परत निघालेले विद्यार्थी, कराडला लग्नाच्या बोलणीला चाललेलं एक कुटुंब, भडंगाच्या पिशव्या सांभाळत बसलेल्या आजी. माझ्या समोरच्या बाकावर मात्र एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले चौघं बसले आहेत. बुटांच्या नाड्या एकमेकींत गुंफून त्यांनी बूट सॅकला लटकवले आहेत. बूट पाहिल्यावर कुठं निघालात हे विचारायची गरज उरत नाही. मीही तिकडेच निघाले आहे.

उद्या रविवारी साताऱ्यात हिल मॅरेथॉन आहे. पूर्ण नाव सातारा हिल हाफ मॅरेथॉन. सातारा रनर्स फाउंडेशननं 2012 साली ती सुरू केली आणि 2015 मध्ये एकाच डोंगरावर सर्वाधिक लोक धावल्याची नोंद गिनीज बुकात केली. शर्यत एकवीस किलोमीटर आणि वर थोडी. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पठारावर जायचं आणि त्याच वाटेनं उतरायचं.

"सर, घाटात पळायचं का चालायचं?" चौघांतला सर्वांत लहान विचारतो. तो बारावीला असेल नसेल.

"दम लागला की चालायचं," खिडकीजवळचे सर सांगतात. ते शाळेत शिकवतात, हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळतं. "घाटात कुणी लाजत नाही. छाती शाबूत ठेवून वर जायचं. खरं पळणं वरच्या सपाटीवर."

सांगलीच्या माणसाला चढ म्हणजे काय, हे शोधायला बाहेर पडावं लागतं. आमचं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, काळ्या मातीच्या सपाट पाटावर वसलेलं. सकाळी धावणारे हरिपूरच्या रस्त्याला जातात, नाहीतर आयर्विन पुलावर ये-जा करतात. कुणी रविवारी दंडोबाच्या डोंगरावर जाऊन चढाचा सराव करतं. सर म्हणतात त्याप्रमाणे, दंडोबा हा आमचा अभ्यास आणि यवतेश्वर ही परीक्षा.

गाडी भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी असं एकेक गाव घेत वर सरकते. वर म्हणते ते नदीच्या हिशेबानं. हा लोहमार्ग बहुतेक कृष्णेच्या खोऱ्यातून, प्रवाहाच्या उलट दिशेनं जातो. पण डोंगराच्या फार जवळ जात नाही. 1880 च्या दशकात रूळ टाकले तेव्हा इंजिनांना झेपेल असा उतार शोधत ते पूर्वेच्या बाजूनं नेले, आणि त्यामुळे एक गोष्ट कायमची होऊन बसली: या मार्गावरची मोठी गावं आणि त्यांची स्टेशनं यांच्यात अंतर राहिलं. कराडचं स्टेशन ओगलेवाडीला. साताऱ्याचं आज माहुलीला. ज्या महाबळेश्वरासाठी मुंबईचे गव्हर्नर दर उन्हाळ्यात कचेरी हलवत, त्या महाबळेश्वराचं स्टेशन वाठार, आणि तिथून पुढं दिवसभराचा टांग्याचा, बैलगाडीचा प्रवास. डोंगर स्टेशनातून दिसतो, पण डोंगरापर्यंत गाडी येत नाही. आजही ते तसंच आहे.

मसूर, तारगाव, रहिमतपूर. कराडपर्यंत डाव्या हाताला लांब दिसणारी निळी रेघ आता जवळ येऊन तिचे टप्पे दिसू लागतात: सपाट माथे, कडे, खाली उतरणीवर हिरवी झाक. मुलगा खिडकीला नाक लावून बसला आहे. "त्यातला आपला कुठला?" तो विचारतो. सर बोट दाखवतात. ढग आडवा येतो.

सातारा स्टेशनावर उतरल्याबरोबर बाहेर हाका सुरू होतात. "नाका, नाका! राजवाडा कोण? चला, दोन सीटं!" सातारकराला पोवई नाका नुसता नाका असतो. शहर इथून पाच-सहा किलोमीटर. खांद्यावर सॅक घेतलेली माणसं रिक्षांच्या घोळक्यात शिरतात, दर विचारतात, वडापच्या गाडीत दाटीवाटीनं बसतात. पुण्याच्या बाजूनं येणाऱ्या गाडीतून उतरलेले काही जण अजून मोबाइलवर टॅक्सी शोधताहेत. एक रिक्षावाला त्यांना समजावतो, "दादा, ते हितं लवकर येत न्हाई. बसा की. बिब घ्यायला जायचंय न्हवं? दारात सोडतो." बिब म्हणजे धावणाऱ्याच्या छातीवरचा क्रमांक. हा शब्द तो अगदी सहज वापरतो. दरवर्षीच्या पाहुण्यांनी तो त्याच्याकडे आणून ठेवला आहे.

आमची रिक्षा माहुलीचा पूल ओलांडते. खाली कृष्णा आणि वेण्णेचा संगम, काठावरची काळ्या दगडांची देवळं, पाणी गढूळ तांबडं. वेण्णा महाबळेश्वराकडून येते. उद्या जो घाट चढायचा, त्याच्या उत्तर उतारावरचं पाणीही याच वेण्णेत येतं. हे मी मनाशी नोंदवून ठेवते.

रेल्वेनं येणारे आम्ही थोडेच. बहुतेक लोक मोटारीनं येतात. पुण्याहून सव्वाशे किलोमीटरांच्या आत, वाटेत खंबाटकीचा घाट. शनिवारी दुपारी त्या घाटात ट्रक आणि मोटारींची जी रांग लागते, तिच्याविषयी नोंदणीच्या मंडपात प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. कुणी दोन तास अडकलं, कुणी शिरवळला जेवून मग निघालं. मंडपाबाहेर रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी लागल्या आहेत, आणि एका मोटारीत बहुधा एकच माणूस आला आहे. मला हे खटकतं. ज्या डोंगराची हवा छातीत भरून घ्यायला आपण येतो, त्याच्या पायथ्याशी एवढा धूर घेऊन यायचं कारण नाही. शनिवारी स्टेशनापासून शहरापर्यंत आणि रविवारी पहाटे शहरातून मैदानापर्यंत एसटीच्या दहा-बारा जादा गाड्या सोडल्या, आणि त्यांची वेळ रेल्वेशी जुळवली, तर यातले निम्मे लोक मोटार घरी ठेवतील. एसटी पंढरीला जादा गाड्या सोडते, जत्रांना सोडते. हीसुद्धा जत्राच आहे.

रात्रीचा मुक्काम शाहूपुरीत, ओळखीतल्या एका काकूंकडे. लॉज कधीचे भरले आहेत. काकूंच्या घरी वरच्या मजल्यावर आणखी तिघी उतरल्या आहेत: एक नाशिकची, दोघी बेळगावच्या. काकूंनी मुद्दाम तिखट टाळलं आहे. वरण-भात, बटाट्याची भाजी, ताक. "उद्या आल्यावर पेढे," त्या म्हणतात. "आज पोट हलकं ठेवा. चारला उठवते." बेळगावची एक जण पैसे देऊ बघते तेव्हा त्या रागावतात. रात्री कौलांवर पाऊस वाजत राहतो.

पहाटे पाचला पोलीस कवायत मैदानाकडे जाणारा प्रत्येक रस्ता चालणाऱ्या माणसांनी भरलेला आहे. पाऊस थांबला आहे, हवेत धुकं आहे, आणि दिव्यांच्या उजेडात प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघताना दिसते. मैदानात ढोल-ताशा सुरू आहे. ढोलाच्या ठोक्यावर पाय आपोआप हलतात. कुणी मांड्यांना व्हॅसलीन लावतं, कुणी केळं खातं, कुणी डोळे मिटून उभं आहे. ठरलेल्या वेळेत धावून इतरांना सोबत नेणाऱ्या पेसरांच्या पाठीवर झेंडे: दोन तास, सव्वादोन, अडीच, तीन. आमचा सांगलीचा मुलगा अडीचच्या झेंड्यामागे उभा आहे. सर मागे, माझ्याजवळ. "मी घाईत नाही," ते म्हणतात, "मला डोंगर बघायचाय."

उजाडता उजाडता लोंढा सुटतो.

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर टेकून वसलं आहे, आणि गाडीनं फिरताना लक्षात न येणारा तो उतार पायांना पहिल्याच किलोमीटरपासून कळतो. नाक्यापासून राजपथानं राजवाड्याकडे जाताना रस्ता सतत चढत राहतो. दुकानांच्या पायऱ्यांवर लोक उभे आहेत. लहान मुलं हात पुढे करून टाळी मागतात. एका गल्लीच्या तोंडाशी शाळेच्या मुली लेझीम खेळताहेत, केसांत अबोलीचे गजरे, आणि त्यांच्या बाई खेळ थांबू नये म्हणून स्वतःच मोजणी देताहेत. समर्थ मंदिराच्या चौकाकडून एक रस्ता बोगद्याकडे, सज्जनगडाच्या दिशेनं जातो. आम्ही दुसरा धरतो, आणि पहिल्याच वळणावर शहर पायाखाली जायला लागतं.

घाट सुरू झाला की बोलणं थांबतं. हजारो बुटांचा ओल्या डांबरावर पडणारा आवाज आणि श्वास, एवढंच ऐकू येतं. एका बाजूला कापलेला काळा कातळ आहे. त्याचे थर एकावर एक रचलेल्या ओट्यांसारखे दिसतात, आणि ते खरोखरच थर आहेत: कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचा एक प्रवाह आला, थंड झाला, मग त्यावर दुसरा. दोन थरांच्या मधल्या मऊ पट्टीतून पाणी झिरपतं आहे. दर पावसाळ्यात याच पट्ट्या ढिल्या होऊन दरड रस्त्यावर येते. एका वळणावर अशा ताज्या पडझडीचे तांबूस दगड कडेला ढकलून ठेवले आहेत. पुढच्या वळणावर कठड्याला भगदाड आहे, तिथं स्वयंसेवक दोरी धरून उभे आहेत. दुसऱ्या बाजूला दरी. तेरड्याची गुलाबी फुलं भिंतीच्या फटींतून, गटारीच्या काठानं, जिथं मूठभर माती मिळाली तिथं उगवली आहेत.

मी चालते. सगळेच चालताहेत. सरांचं खरं आहे, कुणी लाजत नाही. एका वळणावर मागे वळून पाहते: समोर अजिंक्यतारा आणि त्याच्या माथ्यावरचा मनोरा, खाली ढगाच्या फाटक्या पदराआड साताऱ्याची घरं, आणि पूर्वेला दूरवर, उन्हाचा पट्टा पडलेला सपाट मुलूख. तिकडे कोरेगाव, त्यापलीकडे खटाव, माण. या जिल्ह्याचा भूगोल एका नजरेत येतो तो इथून. माझ्या पाठीमागे, पश्चिमेला, महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. समोर, माणच्या माळावर पाचशेही कष्टानं पडतो. मधलं अंतर मोटारीनं तीन-चार तासांचं. त्याच माणच्या मोही गावातून ललिता बाबर निघाली आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, दहावी आली. पावसानं पाठ फिरवलेल्या मुलखात पायांनी असं नाव कमावलं. घाटात माझ्या पुढे चालणाऱ्या दोन मुलींच्या टी-शर्टांवर दहिवडीच्या एका क्लबचं नाव आहे. त्या चढावरही बोलताहेत.

मग वळणं संपतात, रस्ता सरळ होतो, आणि वारा अंगावर येतो.

यवतेश्वर. देवळाकडे जाणारी वाट एका बाजूला राहते. आता आपण एक हजार मीटरच्या वर आहोत, सातारा तीनशे-चारशे मीटर खाली राहिलं. मला वाटलं होतं पठार म्हणजे ऐसपैस मैदान असेल. तसं नाही. ही एक लांब धार आहे, पश्चिमेला कासपर्यंत गेलेली, आणि काही ठिकाणी इतकी अरुंद की रस्त्याच्या दोन्ही कडांवरून दोन वेगळी खोरी दिसतात. उजवीकडे वेण्णेचं खोरं आणि कण्हेर धरणाचं राखाडी पाणी. डावीकडे उरमोडीचं धरण, आणि त्याच्या अंगाला सज्जनगड, ढगातून अर्धा बाहेर आलेला. या धारेवर पडलेला पाऊस उजवीकडे घरंगळला तर वेण्णेत, डावीकडे घरंगळला तर उरमोडीत.

मी धावायची थांबते. शर्यतीत थांबू नये हे मला माहीत आहे, पण हे बघायलाच मी आले आहे. वेण्णा माहुलीला कृष्णेत जाते. उरमोडीही पुढे दक्षिणेला कृष्णेलाच मिळते. म्हणजे थेंब कुठल्याही बाजूला जावो, तो शेवटी आमच्या आयर्विन पुलाखालून जाणार. सांगलीतला माणूस पावसाळ्यात सकाळी उठून आधी पुलाखालची पाणीपातळी विचारतो. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी आमच्याकडे लहान मुलालाही पाठ आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा आमच्या पेठा आठवडाभर पाण्यात होत्या, आणि आम्ही टीव्हीवर धरणांची नावं ऐकत बसलो होतो: कोयना, कण्हेर, उरमोडी, धोम. ती नुसती नावं होती. आज त्यांतली दोन माझ्या दोन हातांना आहेत, शांत, काठोकाठ, आणि मला पहिल्यांदा नीट समजतं आहे की आमचा पूर कुठल्या उतारांवरून निघतो. सर शेजारी येऊन उभे राहतात. कण्हेरकडे बघून ते एवढंच म्हणतात, "हे आपलं पाणी." मग आम्ही दोघं पुन्हा धावू लागतो.

पुढे वस्त्या लागतात. सांबरवाडीच्या आसपास रस्त्याच्या कडेला गावकऱ्यांनी टेबलं मांडली आहेत. शर्यतीची पाण्याची टेबलं वेगळी, ही यांची स्वतःची: गूळ-शेंगदाणे, मीठ लावलेली काकडी, पितळी तांब्यात पाणी. पोरं स्टीलची ताटं वाजवताहेत. डोक्यावर इरलं घेतलेले एक आजोबा काही न बोलता प्रत्येक धावणाऱ्याला हात जोडून नमस्कार करताहेत, आणि प्रत्येक जण तसाच धावत हात जोडतो आहे. ताटाजवळ उभ्या असलेल्या एक आजी माझ्या हातावर गूळ ठेवतात.

"कुठनं आलीस बाय?"

"सांगलीहून, आजी."

"लांबनं आलीस की." त्या माझ्या बुटांकडे बघतात. "आमचा ह्योच एक रस्ता. दूध ह्याच रस्त्यानं खाली जातंय, पोरं ह्याच रस्त्यानं कॉलेजला जात्यात. आज तुमास्नी दिलाय. पळ, बिगीबिगी पळ."

त्या हसत सांगतात. त्यात तक्रार नाही. पण त्यांचं वाक्य माझ्यासोबत पुढे येतं. कासहून मेढ्याकडे उतरणारी वाट आहे, पण साताऱ्याला जायचं तर या सगळ्या गावांना हाच घाट. आज पहाटे रस्ता बंद व्हायच्या आत दुधाच्या गाड्या काळोखात खाली गेल्या. कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर त्यासाठी रुग्णवाहिका थांबवून ठेवली आहे, हे कोपऱ्यावरच्या पोलिसानं मला मघाशी सांगितलं. भाजी आज उशिरा जाईल. दर रविवारी हा रस्ता पर्यटकांच्या मोटारींनी तुंबतो तेव्हा यांना कुणी विचारत नाही. शर्यतीच्या दिवशी निदान कुणीतरी आधी येऊन विचारलं आहे, वेळ सांगितली आहे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

यावरून मला जपानातली एक शर्यत आठवते. तिथं हाकोने नावाचा डोंगराळ भाग आहे, तोक्योपासून रेल्वेनं दीड तासावर. ज्वालामुखीनं घडवलेला मुलूख, गरम पाण्याचे झरे, मधोमध एक तळं. 1920 साली तिथं विद्यापीठांच्या मुलांची रिले शर्यत सुरू झाली. हल्ली ती दर वर्षी जानेवारीच्या दोन आणि तीन तारखेला होते, तोक्योहून हाकोनेच्या तळ्यापर्यंत आणि परत. तिचा पाचवा टप्पा डोंगर चढायचा: ओदावारा गावापासून जवळपास एकवीस किलोमीटर, आणि समुद्रसपाटीजवळून पावणेनऊशे मीटरांपर्यंत चढ. म्हणजे लांबी आमच्याएवढीच, चढ आमच्या दुपटीहून जास्त. तो टप्पा विलक्षण वेगानं चढून जाणाऱ्या एखाद्या मुलाला तिथले लोक डोंगराचा देव म्हणतात. पण मला त्या शर्यतीतली आवडणारी गोष्ट वेगळी आहे. तिथं डोंगरात छोटी रेल्वे चढते, मागे-पुढे दिशा बदलत, नागमोडी. वाटेत एके ठिकाणी शर्यतीचा रस्ता रेल्वेचं फाटक ओलांडतो. एरवी फाटकापाशी माणसं थांबतात. त्या दिवशी रेल्वे थांबते आणि धावणारी मुलं जातात. प्रेक्षकांनाही त्याच रेल्वेनं आणि बसनं डोंगरात जाता येतं. डोंगरावर माणसं न्यायची असतील तर वाट आधी आखावी लागते, आणि कोण कुणासाठी किती वेळ थांबेल हे आधी ठरवावं लागतं.

वळणबिंदूवर पाटी, चटई, तिच्यावरून पाय टाकला की चिपचा आवाज. इथून कासचं फुलांचं पठार आणखी पुढे आहे, बाराशे मीटरच्या आसपास, पण त्याची चाहूल इथंच लागते. रस्त्याकडेला सोनकीचे पिवळे ठिपके दिसू लागले आहेत, जांभ्याच्या पातळ मातीवर गेंदाची पांढरी बोंडं डोलताहेत. ही फुलं जिथं दुसरं काही तग धरत नाही तिथं येतात. खडकावर बोटभर माती, आठ महिने कोरड, चार महिने धो धो पाणी. इथल्या वायतुरा या फुलाच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचं नाव आहे, कारण तो या भागातल्या सड्यांवरचा. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा म्हणून नोंदल्या गेल्या, त्यांत कास आहे. ज्या वर्षी ही नोंद झाली त्याच वर्षी ही शर्यतही सुरू झाली. तेव्हापासून या एका रस्त्यावरचा भार किती वाढला, हे सांबरवाडीच्या आजींना विचारावं.

परतीची वाट उताराची. चढताना फुप्फुसं बोलतात, उतरताना गुडघे. सर म्हणतात, पावलं छोटी ठेवा, टाच आपटू नका. वर अजून चढणारे आणि आम्ही उतरणारे, एकमेकांना टाळ्या देत जातो. ऊन पडलं आहे आणि ओल्या डांबरातून वाफ निघते. अडीच तासांच्या झेंड्याचा पत्ता नाही, म्हणजे आमचा मुलगा कधीच खाली पोचला असणार. शहरात शिरल्यावर पुन्हा लेझीम, पुन्हा दुकानांच्या पायऱ्या. कुणीतरी बादलीतून पाणी उडवतं. मैदानाच्या फाटकाशी काकू छत्री घेऊन उभ्या आहेत, आणि त्यांच्या दुसऱ्या हातात खरोखरच कंदी पेढ्यांचा पुडा आहे.

मुलगा मैदानात गवतावर बसून मेडल उलटसुलट करून बघतो आहे. "सर, मी घाटात चाललो," तो कबूल करतो. "पण वर गेल्यावर थांबलोच नाही."

"कण्हेर बघितलंस?"

"नाही सर."

"मग पुढच्या वर्षी परत यायला लागणार."

दुपारपर्यंत मैदान रिकामं होतं. मोटारी एकेक करून महामार्गाकडे निघतात. काही जण कास गाठायचा बेत करताहेत, पण फुलांच्या हंगामात तिथं रोजच्या माणसांची संख्या ठरलेली असते आणि आधी नोंदणी करावी लागते. कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांची समिती वनखात्याबरोबर पठार सांभाळते. नोंदणी न केलेल्या दोघांना त्यांच्याच गटातली एक बाई समजावते आहे की आज वर जाऊ नका, परत कधीतरी एसटीनं या. मला ती बाई आवडते.

मी मात्र एसटीनं वर निघते. परतीची गाडी रात्रीची आहे, हातात अर्धा दिवस आहे, आणि आजींना गुळाचा पुडा द्यायचा आहे. बामणोलीची बस नेहमीपेक्षा उशिरा सुटते, कारण घाट आत्ताच मोकळा झाला आहे. गाडी खच्चून भरली आहे: आठवड्याच्या बाजाराच्या पिशव्या, खताचं एक पोतं, कॉलेजची पोरं, आणि माझ्या शेजारी औषधांची पिशवी मांडीवर घेतलेल्या एक मावशी. त्यांचं गाव बामणोलीच्याही पलीकडे, कोयनेच्या जलाशयाच्या दुसऱ्या काठाला. बसमधून उतरल्यावर लाँचनं पाणी ओलांडायचं, मग डोंगरात तासभर चालायचं. पहाटे त्या याच वाटेनं खाली आल्या, नवऱ्याची गोळ्या-औषधं घेतली, आणि रस्ता उघडेपर्यंत स्टँडवर बसून राहिल्या.

"तुमच्यामुळं खोळंबा झाला आमचा," असं त्या म्हणत नाहीत. माझ्या मेडलकडे बघून त्या विचारतात, "कितवा नंबर आला?"

"नंबर नाही आला, मावशी. पूर्ण केली एवढंच."

"पुरी केलीस म्हंजे झालं की."

बस घाटात शिरते. सकाळी जिथं मी श्वास धरून चालत होते, ती वळणं ड्रायव्हर दोन हातांनी स्टिअरिंग फिरवत घेतो. कठड्याला पडलेल्या भगदाडापाशी अजून दोरी बांधलेली आहे. मावशी एकदा मनगटावरचं घड्याळ बघतात, मग पुन्हा बघतात, आणि शेवटी पुढं बसलेल्या कंडक्टरला हाक मारतात.

"भाऊ, शेवटची लाँच घावंल न्हवं?"

"घावती मावशी," तिकिटं फाडता फाडता तो म्हणतो. "मघाशीच फोन केलाय त्याला. म्हटलं, आमची गाडी येस्तोवर सोडू नको."